‘नाक’, ‘नाकें’ आणि ‘-नाक’ : जुन्या कागदांतील एका शब्दाचे अर्थ

गेल्या हिवाळ्यांत वडीगोद्रीस जाण्याचा योग आला. छत्रपति संभाजीनगराहून पाचोडावरून शहागड व बीडकडे जाणारा मोठा रस्ता या गांवावरून जातो आणि जालना-अंबडाकडून येणारी वाट त्यास येथेंच मिळते. गांव अंबड तालुक्यांतलें. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांत मोडणारें. या भागांतील कागद धुंडाळणारांनीं जुन्या याद्या औरंगाबादेच्या नांवाखालीं शोधाव्या लागतात, हें जातां जातां सांगून ठेवतों.

तेथें एका गृहस्थांनीं आपल्या वाड्यांतील दप्तराचा रुमाल आम्हांपुढें सोडला. गृहस्थ मोडी स्वतः शिकलेले, हौशी आणि कागदांस जपणारे. रुमालांत एक फाटकी यादी होती. वरचा भाग गेलेला, मिती नाहीं, शिक्का नाहीं. दहा-बारा ओळी शिल्लक होत्या व बहुतेक ओळींत ‘नाक’ हीं अक्षरें येऊन पुढें आंकडा होता. गृहस्थांनीं शेजारीं शिसपेनीनें बारीक टीप केली होती : ‘नासिकाच्छेदाची शिक्षा झालेल्या लोकांची यादी.’ हा कागद प्रसिद्ध करणें न करणें त्यांच्या हातीं आहे, म्हणून त्यांतील नांवें आम्ही येथें देत नाहीं. मितीविना असल्यामुळें तो पुराव्यांतही धरीत नाहीं. परंतु त्या टिपेनें जो प्रश्न उभा केला तो मोडी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेंत केव्हांना केव्हां येणारा आहे, म्हणून हें टिपण.

गृहस्थांचा तर्क अगदींच निराधार होता असें कोणी समजूं नये. नाक कापण्याची शिक्षा व विटंबना अठराव्या शतकांत घडत असे आणि तिच्या एका प्रकरणाचा पुणें प्रांताशीं असलेला संबंध तर जगप्रसिद्ध आहे. टिपू सुलतानाशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत इंग्रज फौजेबरोबर बैल हांकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला. इंग्रजी लेखांत त्याचें नांव कावसजी असें दिलें आहे. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळच्या वीट भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी उतरवून, ती खालीं वळवून, नवें नाक बसविलें. ही हकीकत चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापली गेली. ती वाचून तेथील शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यानें १८१४ सालीं तोच प्रयोग केला व १८१६ त त्यावर ग्रंथ लिहिला. बैलवाल्याचें नांव राहिलें, वैद्याचें राहिलें. त्या वीटवाल्याचें मात्र कोणी टिपून ठेवलें नाहीं. आमच्या गृहस्थांनीं ही कथा वाचलेली होती, आणि ‘नाक’ दिसतांच त्यांस ती आठवली.

पण यादी तशी नव्हती. आंकड्यांपुढें पायली व शेर यांच्या खुणा होत्या. म्हणजे ही धान्य दिल्याची, निदान देण्याची ठरलेली, नोंद. ज्याचें नाक उतरविलें त्यास सरकार धान्य मोजून देतें हें संभवत नाहीं. शिवाय दोन ओळींत ‘बिन’ लिहून पुढें पुन्हां ‘नाक’ आलें होतें. बापलेक दोघांसही एकच शिक्षा व तिची नोंद नात्यासह, असें मानणें म्हणजे कागदावर जुलूम करणेंच होय. तीं नाकें नव्हतींच. तीं माणसांचीं नांवें होतीं.

येथें घोटाळा एका शब्दाचा नसून तीन शब्दांचा आहे. देहाचा अवयव ‘नाक’; वाटेवरची चौकी ‘नाकें’; आणि माणसाच्या नांवास लागणारें अन्त्यपद ‘-नाक’. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं आणि अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. त्यामुळें हे तिघे एकमेकांच्या अंगावर येऊन बसतात. पोथ्यांचा संग्रह करणारांस चौथाही भेटेल : संस्कृतांतला ‘नाक’ म्हणजे स्वर्ग. नाकपति म्हणजे इंद्र. अमरकोशांत स्वर्गाच्या नांवांत तो आरंभींच आहे. त्याचा आपल्या नाकाशीं कांहीं संबंध नाहीं. ‘अक’ म्हणजे दुःख, तें जेथें ‘न’ म्हणजे नाहीं तें स्थान, अशी त्याची फोड पंडित सांगतात. पोथींत तो ओळखूं येतो. दप्तरांत तो येत नाहीं. म्हणून त्यास येथेंच सोडतों.

पहिला शब्द देहाचा. मराठी नाक हा संस्कृत नासिकेपासून झिजत आला असें पुष्कळांस वाटतें. तसें दिसत नाहीं. प्राकृतांत ‘णक्क’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यांतील जोड ककार एकेरी होऊन मागचा स्वर लांबला, कीं नाक तयार झालें. हत्थ-हात, सत्त-सात, कम्म-काम या ओळीचाच हा प्रकार. नासिकेंतला एकेरी ककार प्राकृतांत टिकला नसता. मग नासिका गेली कोठें ? ती गांवाच्या नांवांत राहिली. पाणिनीच्या सहाव्या अध्यायांत नासिकेचा ‘नस्’ होण्याविषयीं जें प्रकरण आहे त्यावर महाभाष्यांत अपवाद सांगितला आहे कीं वर्ण व नगर यांविषयीं हा आदेश होत नाहीं : उच्चारांतला वर्ण तो नासिक्य आणि नगर तेंही नासिक्य. पतंजलीचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीं दुसरें शतक मानितात. त्या काळीं नासिक हें नांव वैयाकरणांस उदाहरण देण्याइतकें परिचित होतें, आणि नासिकच्या पांडवलेण्यांतील लेखांतही तें आढळतें. शूर्पणखेची कथा नांवावरून निघाली कीं नांव कथेवरून, या वादांत आम्ही पडत नाहीं. नऊ शिखरांवरून नासिक काढणारांची व्युत्पत्ति मात्र लेखांतील रूपाशीं जुळत नाहीं, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरा शब्द ‘नाकें’. हा पहिल्याचाच मुलगा. नाक म्हणजे पुढें आलेलें टोंक. त्यावरून प्रदेशांत शिरण्याचें तोंड, घाटाचा माथा, दोन वाटा मिळतात ती जागा. त्यावरून तेथें बसविलेली चौकी. आणि चौकीवर जकात घ्यावयाची, म्हणून जकातीचें ठाणें. नाकेदार, नाकेबंदी हे शब्द तेथूनच आले. हा अर्थविस्तार शब्दकोशांतून समजतो, पण वडीगोद्रीसारख्या ठिकाणीं उभें राहिलें म्हणजे डोळ्यांनीं दिसतो. एका बाजूनें जालना व अंबडचा माल, दुसऱ्या बाजूनें औरंगाबादचा, आणि थोड्या अंतरावर दक्षिणेस शहागडाजवळ गोदावरी. नदीस पाणी असलें म्हणजे सर्व वाटा उताराच्या जागीं येऊन जुळतात. ज्याच्या हातीं उतार, त्याच्या हातीं प्रांत. १० ऑगस्ट १७६३ रोजीं याच नदीच्या कांठीं राक्षसभुवनास निजामअलीच्या फौजेचा एक भाग नदीच्या एका तीरावर व दुसरा दुसऱ्या तीरावर अडकला. दिवाण विठ्ठल सुंदर लढाईंत पडला. आणि पूर आलेली नदी मध्यें असल्यामुळें निजामास त्याच्या मदतीस येतां आलें नाहीं. नाकें कोठें बसवावें हें कारकुनानें ठरविलेलें नसतें. तें पाणी व डोंगर ठरवीत असतात.

या दुसऱ्या शब्दाच्या बाबतींत आमचीच एक चूक सांगतों. फार वर्षांमागें एका जकातीच्या झाडतींत आम्हीं ‘नाकी नऊ’ असें वाचलें, आणि बिचारा लेखक कामानें किती त्रासला होता म्हणून सहानुभूतीची टीप लिहून ठेवली. नाकीं नऊ येणें हा वाक्प्रचार कोणास ठाऊक नाहीं ! नवद्वारांचा प्राण नाकाशीं येऊन ठेपणें, असा त्याचा अर्थ कोणी लावितात. पुढें त्याच पानावर बेरीज पाहिली, तेव्हां उमगलें कीं लेखक त्रासलेला वगैरे कांहीं नव्हता. त्यानें सरळ हिशेब दिला होता : नाकीं, नऊ. म्हणजे चौक्या नऊ. ‘नाकें’ या शब्दाचें अनेकवचन ‘नाकीं’ (तळें, तळीं याप्रमाणें) आणि ‘नाक’ या शब्दाची सप्तमीही ‘नाकीं’. पान सबंध वाचल्यावांचून टीप करूं नये हें त्या दिवशीं शिकलों; वडीगोद्रीच्या गृहस्थांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता तो यामुळेंच.

या दोघांस वेगळें करण्याचा व्याकरणाचा उपाय सोपा आहे. अवयव असेल तर विभक्ति लागतांना ‘नाका-’ : नाकास, नाकावर, नाकाचें. चौकी असेल तर ‘नाक्या-’ : नाक्यास, नाक्यावर, नाक्याचें. घाईच्या मोडींत हा यकार ककाराच्या पोटांत दबून जातो, म्हणून तेथें कागद उजेडाकडे धरून पाहावा. प्रथमेंत अडचण अधिक : अनेक अवयव तीं ‘नाकें’ आणि एकच चौकी तेंही ‘नाकें’. पण क्रियापद वेगळें असतें. नाकें कापिलीं, नाकें बसविलें. अनुस्वार गाळले तरी ‘कापिली’ व ‘बसविले’ यांतील ईकार-एकार राहतोच. अलीकडे ‘नाकें’ नपुंसकलिंग सोडून ‘नाका’ असें पुल्लिंगी झालें आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं संपली, तरी मुलुंडचा चेक नाका किंवा ठाण्याचा तीन हात नाका या नांवांस त्यामुळें धक्का लागला नाहीं. जकात गेली आणि नाका राहिला. शब्द असे चिवट असतात. मात्र कागदांत ‘नाका’ रूप सांपडलें म्हणून तो कागद अलीकडचा, असा नियम कोणी करूं नये. बोलण्यांतलीं रूपें लिहिण्यांत केव्हां शिरलीं हें गांवागांवास वेगळें असतें.

डोंगराच्या टोंकास नाक म्हणण्याची गोष्ट निघाली आहे म्हणून एक गंमत नमूद करतों. खंडाळ्याजवळच्या ज्या कड्यास आपले लोक नागफणी म्हणतात, त्यांत इंग्रजांस वेलिंग्टनच्या ड्यूकचें नाक दिसलें आणि तेंच नांव त्यांनीं नकाशावर घातलें. खडक एकच, एकास फणा दिसला, दुसऱ्यास नाक. नाग आणि नाक यांची गांठ पुढें आणखी एकदां पडणार आहे.

आतां तिसरा शब्द, आणि खरा प्रश्न येथेंच आहे. जुन्या व्यवहारांत नांवाच्या शेवटास लागणाऱ्या पदावरून मनुष्याची जात व मान कळत असे. ब्राह्मणाच्या नांवास पंत, व्यापाऱ्याच्या वा सोनाराच्या नांवास शेट, मराठ्याच्या नांवास जी. त्याच रीतीनें महार मंडळींच्या नांवास ‘नाक’ लागे. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईच्या संबंधानें कळंबीच्या शिदनाकाची गोष्ट प्रसिद्धच आहे. बेदरच्या बादशहाची सेवा करून महारांस बावन्न हक्क मिळवून देणारा अमृतनाक हा परंपरेंतला. सर्वांत ठसठशीत आधार मात्र दगडावरचा आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या कोरेगांवच्या लढाईच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं जीं नांवें कोरलीं आहेत, त्यांत बावीस नांवें या ‘नाक’ अन्त्यपदाचीं आहेत. कंपनीच्या कारकुनांनीं इंग्रजी लिपींत तें आपल्या कानास आलें तसें लिहिलें, पण गाळलें नाहीं. तें नांवाचाच भाग आहे, हें त्यांस समजलें होतें.

हें पद कोठून आलें ? दोन मतें ऐकूं येतात. एक ‘नाग’ या शब्दापासून, दुसरें ‘नायक’ या शब्दापासून. नागाचा नाक होण्यास गकाराचा ककार व्हावा लागतो, आणि मराठीच्या नेहमींच्या वळणांत तसें होत नाहीं. आपण नागास नागच म्हणतों. नायकाचें नाईक झालेलें सर्वांच्या तोंडीं आहे, आणि नाईक हा मान रामोशी, बेरड, कोळी अशा अनेक राखणाऱ्या व लढणाऱ्या जातींत चालत होता. उमाजी नाईकांचें नांव येथें पुरेसें आहे. दुसऱ्या शब्दास जोडून उच्चारतांना मधला ईकार आंखूड होऊन नाहींसा होणें स्वाभाविक आहे. शिवाय अर्थ जुळतो. महार वतनदार हा गांवचा शिवधडा सांगणारा, वेशीवर पहारा करणारा, निरोप व टपाल पोंचविणारा, वाटाड्या. सीमेच्या तंट्यांत त्याची साक्ष महत्त्वाची धरीत. अशा माणसास नायक म्हणणें यांत नवल नाहीं. म्हणून आमचा कल नायकाकडे आहे.

कांहींजण याहून फार मागें जातात. कार्ल्याच्या लेण्यापुढील सिंहस्तंभ ज्यानें दिला तो महारठी अगिमितणक. बेडशाच्या लेण्यांत दान देणाऱ्या महारठिणीचा पति आपदेवणक. या नांवांच्या शेवटचें ‘-णक’ तेंच आपलें ‘-नाक’, असा विचार मनांत येणें साहजिक आहे व आमच्याही मनांत तो आला होता. पण त्या लेखांत स्वर ऱ्हस्व आहे आणि ककार एकेरी. असा एकेरी ककार पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत झिजून जावयास हवा होता. मधल्या काळांतला दुवा हातीं येईपर्यंत या दोहोंस भाऊ ठरवूं नये. मोह मोठा आहे. म्हणूनच सावध राहिलें पाहिजे.

व्युत्पत्ति काहींही ठरो, वाचनाचा प्रश्न तिच्यासाठीं थांबून राहत नाहीं. उदाहरणादाखल एक ओळ आम्ही स्वतः रचून दाखवितों. ती कोणत्याही कागदांतील नव्हे : ‘रायनाकनाक्यावरठेविला’. मोडींत ती अशीच सलग येईल. घाईनें वाचणारा ‘राय’ कोणी एक वेगळा समजेल, पहिलें ‘नाक’ हें लेखकाच्या हातून दोनदां पडलें म्हणून कंसांत घालील, आणि छापील प्रतींत ‘राय नाक्यावर ठेविला’ असें उतरेल. ओळ सुबोध झाली. माणूस मात्र बदलला. तो कोणत्या समाजाचा, चौकीवर विश्वासानें कोणास ठेवीत, हें सांगणारीं दोन अक्षरें संपादकानें पुसलीं. उलट बाजूची चूक वडीगोद्रीस झाली होती : तेथें अक्षरें राहिलीं, पण धान्य मिळविणारे वतनदार शिक्षा भोगलेले गुन्हेगार ठरले. गांवच्या महजरांत हजर असलेल्या बलुतेदारांचीं नांवें पुष्कळदां शेवटीं, दाटीवाटीनें, कागद संपत आल्यावर लिहिलेलीं असतात. ज्यांच्याविषयीं दुसरें कांहींच लिहिलेलें उरलें नाहीं अशा कित्येकांचा दप्तरांतला ठाव तेवढाच असतो.

म्हणून आमची विनंति अशी : नक्कल करतांना हें पद नांवास जोडूनच लिहावें, शिदनाक, रायनाक, मध्यें मोकळी जागा सोडूं नये, कंसांत घालूं नये. अनुक्रमणिकेंतही पूर्ण नांवच द्यावें. ‘बिन’च्या दोन्ही बाजूंस ‘नाक’ आलें, किंवा पुढें ‘महार’ वा ‘वेसकर’ असें आलें, तर शंकेस जागाच राहत नाहीं. पुढें पायली-शेर असतील तर बहुधा बलुत्याचा किंवा पोटगीचा हिशेब असतो. अवयवाचा अर्थ घ्यावयाचा तर जवळ क्रियापद हवें. नुसत्या यादींत, क्रियापदावांचून, एकामागून एक नाकें कोणी लिहीत नाहीं. आणि ‘नाक्या-’ असा यकार दिसला तर वाट, घाट किंवा उतार यांपैकीं कांहीं त्या पानावर आहे काय, तें आधीं शोधावें.

आम्ही निघण्यापूर्वीं वडीगोद्रीच्या गृहस्थांनीं ती शिसपेनीची टीप खोडरबरानें पुसली. नंतर त्यांनीं यादी पुन्हां पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतली, या वेळीं मोठ्यानें, एकेक नांव जोडून. नऊ नांवें पुरीं लागलीं. दहाव्या ओळीस कसर लागली आहे. तेथें ‘नाक’ तेवढें स्पष्ट आहे आणि त्याच्या आधींचीं दोन अक्षरें गेलीं आहेत.